‘जर’ आलं म्हणून ‘तर’ नको: इंग्रजीतले क्लॉज आणि फ्रेज ओळखायचे कसे

शाळेतला रजेचा अर्ज आठवा. ‘ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर, सो आय कॅनॉट अटेंड स्कूल.’ मीही हेच लिहायची. रजा मिळायची, त्यामुळे वाक्यात काही चुकलंय हे कधी कळलंच नाही. आता मी कोल्हापुरात, राजारामपुरीत संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. कुणी गोकुळ शिरगावच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतं, कुणी बँकेच्या परीक्षेची तयारी करतं, कुणाला मुलाच्या शाळेतल्या मीटिंगला चार वाक्यं धड बोलायची असतात. त्यांच्या ईमेलमध्ये तेच जुनं वाक्य नवे कपडे घालून येतं: ‘ॲज द मशीन इज अंडर रिपेअर, सो वुई कॅनॉट डिस्पॅच द ऑर्डर.’ ताप मशिनला आलाय, एवढाच फरक.

चूक कुठे आहे ते पुढे येईलच. ती समजायला क्लॉज म्हणजे काय आणि फ्रेज म्हणजे काय, एवढं कळावं लागतं. गाइडमध्ये याची बारा-पंधरा नावं दिलेली असतात. ती पाठ करून कुणाचं वाक्य सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही. म्हणून इथे नावं कमी आणि कसोट्या जास्त. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत देते आहे, म्हणजे स्पेलिंगची धास्ती मध्ये येत नाही. वहीत उतरवताना मात्र ती रोमन लिपीतच लिहा, आणि दोन रंगांची पेनं घ्या. लागतील.

एक दिलासाही देऊन ठेवते. ही गोष्ट तुम्हाला आधीच येते. मराठीच्या तासाला केवल वाक्य, संयुक्त वाक्य, मिश्र वाक्य केलंय ना? मिश्र वाक्यातलं प्रधान वाक्य आणि गौण वाक्य हेच इंग्रजीतले मेन क्लॉज आणि सबऑर्डिनेट क्लॉज. नवीन काही नाही. फक्त मराठीची काही वळणं इंग्रजीत जशीच्या तशी चालत नाहीत, आणि गाडी तिथेच घसरते.

पहिली पायरी: काळ दाखवणारं क्रियापद शोधा

हे वाक्य घ्या. ‘द बॉय सिटिंग ऑन द वॉल सेल्स भेळ.’ रंकाळा तलावाच्या कठड्यावर बसलेला तो पोरगा भेळ विकतो.

यात क्रियापदं किती? वर्गात विचारलं की निम्मे हात दोनसाठी वर होतात. एकानं तर वादच घातला, “मॅडम, पोरगं बसलंय की भिंतीवर! मग बसणं ही क्रिया न्हाई व्हय?” क्रिया आहेच. पण आपण क्रिया शोधत नाही, काळ दाखवणारं क्रियापद शोधतोय. त्यासाठी काल-उद्याची कसोटी लावायची. वाक्याच्या सुरुवातीला ‘येस्टर्डे’ ठेवा: ‘येस्टर्डे द बॉय सिटिंग ऑन द वॉल सोल्ड भेळ.’ मग ‘टुमॉरो’: ‘टुमॉरो द बॉय सिटिंग ऑन द वॉल विल सेल भेळ.’ सेल्स, सोल्ड, विल सेल असा एकच शब्द हलला. ‘सिटिंग’ तिन्ही वेळा जागचा उठलाच नाही. काळ बदलला की जो शब्द बदलतो तोच आपल्या कामाचा. त्याच्याखाली लाल रेघ ओढा.

‘आयएनजी’वालं रूप एकटं असेल, ‘टू’ लागलेलं रूप असेल, किंवा ‘बिल्ट’, ‘ब्रोकन’सारखं रूप मागे ‘वॉज’, ‘हॅज’ न घेता आलं असेल, तर ते या कसोटीला उतरत नाही. पण ‘इज सिटिंग’, ‘हॅज बीन वेटिंग’, ‘कॅन गो’ असा ताफा आला तर तो अख्खा ताफा मिळून एकच क्रियापद मोजायचा. ‘हॅज बीन वेटिंग’ला तीन मोजणारे भेटतात, म्हणून सांगून ठेवलं.

दुसरी पायरी: त्याचा कर्ता शोधा

लाल रेघेच्या शब्दाला विचारा, कोण? ‘सेल्स’ कोण? द बॉय. त्याच्याखाली निळी रेघ. निळी आणि लाल अशी जोडी जमली की तो क्लॉज झाला. आणि ज्या शब्दगटात ही जोडीच नाही, ती फ्रेज. ‘सिटिंग ऑन द वॉल’ ही फ्रेज, तिच्या पोटातली ‘ऑन द वॉल’ ही आणखी एक छोटी फ्रेज. आता ‘द बॉय हू इज सिटिंग ऑन द वॉल सेल्स भेळ’ असं लिहा. अर्थ तोच, पण आत ‘इज सिटिंग’ आलं आणि त्याचा कर्ता म्हणून ‘हू’ उभा राहिला. एका क्लॉजचे दोन झाले.

मोठं ते क्लॉज आणि छोटं ते फ्रेज, असा एक समज आहे, तो काढून टाका. ‘इट रेन्ड’ हे दोनच शब्द, पण पूर्ण क्लॉज. ‘इन द ओल्ड लेन बिहाइंड द टेंपल नियर महाद्वार रोड’ हे दहा शब्द, पण फ्रेज. जोडी आहे का, एवढंच बघायचं.

कर्त्याच्या बाबतीत मराठी माणसाला एक सवय नडते. आपलं क्रियापदच कर्ता पोटात घेऊन फिरतं. दारातून कुणी हाक मारली की आपण आतून ओरडतो, “आलो!” एका शब्दात वाक्य संपलं; कोण आलं, ते ‘लो’मध्ये आहे. इंग्रजी क्रियापदाला हे जमत नाही. त्याला कर्ता बाहेर उभा करावाच लागतो, इतका की करणारं कुणी नसलं तरी नावापुरता ‘इट’ आणून ठेवतात: ‘इट इज रेनिंग’. म्हणून ‘इज व्हेरी हॉट टुडे’ असं अर्धं वाक्य आपल्याकडून सुटतं. सूट फक्त आज्ञेला. ‘क्लोज द गेट’ म्हटलं की ‘यू’ लपलेला असतो.

तिसरी पायरी: जोड्या मोजा, त्यातून एक वजा करा

मला विचाराल तर सगळा विषय या पायरीवर उभा आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

इंग्रजी वाक्यात जितके क्लॉज, त्यापेक्षा एक कमी जोडशब्द लागतो. दोन क्लॉज असतील तर एक, तीन असतील तर दोन. अँड, बट, ऑर, सो हे बरोबरीनं जोडणारे. बिकॉज, ॲज, इफ, व्हेन, ऑलदो, दॅट, हू, विच हे एकाला दुसऱ्याच्या हाताखाली देणारे. कोणताही असो, मोजायला सारखाच.

आता मराठी बघा. जर–तर. जेव्हा–तेव्हा. जरी–तरी. जो–तो. जिथे–तिथे. जसं–तसं. आपल्याकडे ही अव्ययं कोल्हापुरी चपलेसारखी जोडीनंच मिळतात, एक पाय इकडच्या वाक्याला, एक पाय तिकडच्या. दोन वाक्यं, दोन जोडशब्द, आणि कानाला ते गोड लागतं. इंग्रजीत मात्र एकच पाय मिळतो. आपण सवयीनं दुसरा पायही शोधतो आणि घालतो:

‘ऑलदो ही इज रिच, बट ही इज अनहॅपी.’ जरी… तरी.
‘ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर, सो आय कॅनॉट अटेंड.’ कारण… म्हणून.

मोजा. पहिल्यात ‘इज’ दोनदा, म्हणजे क्लॉज दोन. जोडशब्द एक हवा, आहेत दोन: ऑलदो आणि बट. दुसऱ्यातही तसंच. यातला कुठलाही एक काढा, वाक्य बरोबर होतं. ‘ऑलदो ही इज रिच, ही इज अनहॅपी’ चालेल आणि ‘ही इज रिच, बट ही इज अनहॅपी’ही चालेल. ‘इफ’नंतर ‘देन’ आलेला चालतो, त्याला इंग्रजीत परवानगी आहे. पण तो नसला तरी काही अडत नाही, आणि रोजच्या लिहिण्यात बहुतेक वेळा नसतोच.

उलटी चूकही होते, जोडशब्द कमी पडण्याची. महापुराच्या दिवसांत घरोघरी असं बोललं जातं: ‘पाणी वाढायलंय, जनावरं हलवतोय.’ मधे स्वल्पविराम आणि काम झालं. इंग्रजीत ‘द वॉटर इज रायझिंग, वुई आर मूव्हिंग द कॅटल’ हे चुकीचं, कारण स्वल्पविरामाला तिथे जोडशब्दाचा मान नाही. एक तर ‘सो’ घाला, नाहीतर पूर्णविराम देऊन दोन वाक्यं करा. अर्धविरामही चालतो, पण सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’ दिसायला जोडशब्द वाटतात, पण मोजणीत धरायचे नाहीत. ऑफिसच्या ईमेलमध्ये स्वल्पविरामानंतर ‘हाउएव्हर’ टाकून दोन क्लॉज चिकटवलेले इतक्या वेळा दिसतात, की मी आता लाल पेन आधीच उघडून बसते.

मोजणीत कधी एक जोडशब्द कमी भरेल. ‘आय थिंक इट विल रेन.’ दोन क्लॉज, जोडशब्द शून्य, तरी वाक्य बरोबर. इथे ‘दॅट’ लपलाय: आय थिंक दॅट इट विल रेन. ‘द मिसळ आय एट वॉज टू स्पायसी’ यातही ‘आय’च्या आधी ‘दॅट’ घालून बघा, नीट बसतो. मधे ‘दॅट’ घालता आला तर हिशेब जुळला असं समजा.

चौथी पायरी: एकटं उभं राहतं का?

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात, कुणी कळ दाबावी लागत नाही. पावसाळ्यात कोल्हापूरकर ही बातमी श्वास रोखून वाचतात. तेच इंग्रजीत: ‘द गेट्स ओपन व्हेन द डॅम फिल्स.’

दोन तुकडे करा. ‘द गेट्स ओपन.’ ठीक, कुणी म्हटलं तर आपण मान हलवू. ‘व्हेन द डॅम फिल्स.’ हे ऐकून आपण विचारू, बरं, मग पुढे? ‘मग पुढे?’ असं विचारावंसं वाटलं की तो गौण क्लॉज. त्यात कर्ता आहे, क्रियापद आहे, पण पुढच्या ‘व्हेन’नं त्याला दुसऱ्याच्या दावणीला बांधलंय. तो ‘व्हेन’ काढा, ‘द डॅम फिल्स’ लगेच मोकळा होतो.

गौण क्लॉजनंतर पूर्णविराम देऊन मोकळं व्हायची सवय व्हॉट्सॲपवर खपते. ‘आय डिड नॉट कम. बिकॉज माय बाइक वॉज पंक्चर्ड.’ अर्जात किंवा परीक्षेत खपत नाही. ‘बिकॉज’चा तुकडा मागच्या वाक्याला जोडा.

याच वाक्यात मराठीची आणखी एक गंमत आहे. ‘धरण भरलं की दरवाजे उघडतात.’ भरलं! धरण अजून भरायचंय, पण आपण भूतकाळाचं रूप वापरलं. ‘मी पोचलो की फोन करतो’ यातही पोचायचं बाकी आहे. इंग्रजीत अशा वेळी व्हेन, इफ, आफ्टर, अनटिलच्या क्लॉजमध्ये साधा वर्तमानकाळ येतो, भविष्याचा ‘विल’ फक्त मुख्य क्लॉजमध्ये: ‘व्हेन आय रीच, आय विल कॉल.’ ‘व्हेन आय विल रीच’ हे आपलं नेहमीचं घसरणं. पावसाळी सरावाला हे वाक्य घ्या: ‘इफ द वॉटर ॲट राजाराम बंधारा क्रॉसेस फॉर्टी-थ्री फीट, द रिव्हर विल बी ॲट द डेंजर लेव्हल.’ या बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. क्रॉसेस, विल क्रॉस नव्हे.

पाचवी पायरी: गौण क्लॉज काय काम करतोय?

गौण क्लॉजचे तीन प्रकार. मराठीत नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य. वाक्यात तो ‘काय?’ला उत्तर देतो, ‘कोणता?’ला देतो की ‘केव्हा, का, कुठे, कसं?’ला देतो, एवढं विचारा. शेवटचा प्रकार वर भरपूर झाला, व्हेन, बिकॉज, इफ, ऑलदो सगळे त्यातलेच. उरले दोन.

विशेषणवाक्य, म्हणजे जो–तो. खासबागेत कुस्ती बघून आलेला माणूस सांगतो: ‘जो पैलवान जिंकला, तो आमच्या तालमीचा.’ याचं थेट भाषांतर करायला गेलात तर ‘हू रेसलर वन, ही इज फ्रॉम अवर तालीम’ असं काहीतरी होतं आणि ते कुठेच जात नाही. इंग्रजीत आधी माणूस, मग त्याच्या पाठोपाठ ‘हू’, आणि ‘तो’ला सुट्टी: ‘द रेसलर हू वन इज फ्रॉम अवर तालीम.’ ‘हू’ आल्यावर ‘ही’ परत घालायचा नाही. पुन्हा तोच चपलेचा हिशेब.

इथला स्वल्पविराम अर्थ बदलतो. ‘माय ब्रदर हू लिव्ह्स इन गडहिंग्लज हॅज कम.’ म्हणजे भाऊ अनेक, त्यातला गडहिंग्लजचा आलाय. ‘माय ब्रदर, हू लिव्ह्स इन गडहिंग्लज, हॅज कम.’ म्हणजे भाऊ एकच, गडहिंग्लज ही जाता जाता दिलेली माहिती. विशेषनामापुढे म्हणूनच साधारणपणे स्वल्पविराम येतो: ‘शिवाजी युनिव्हर्सिटी, विच वॉज एस्टॅब्लिश्ड इन १९६२, इज इन कोल्हापूर.’ कोणतं शिवाजी विद्यापीठ, असं कुणी विचारणार नाही, म्हणून ती माहिती दोन स्वल्पविरामांत. आणि अशा वेळी ‘विच’च्या जागी ‘दॅट’ चालत नाही.

नामवाक्यात दोन खड्डे आहेत. पहिला मध्यवर्ती बसस्थानकावर भेटतो. परगावचा कुणी विचारतो, ‘व्हेअर डज द पन्हाळा बस स्टॉप?’ हा सरळ प्रश्न, ठीक. पण ‘कॅन यू टेल मी’ पुढे लावलं की आतला प्रश्न क्लॉज बनतो आणि त्याची प्रश्नाची मांडणी जाते: ‘कॅन यू टेल मी व्हेअर द पन्हाळा बस स्टॉप्स?’ तसंच ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज’, ‘व्हेअर इज ही’ नव्हे. मराठीत ‘तो कुठे आहे?’ आणि ‘तो कुठे आहे मला माहीत नाही’ यांत शब्दांची जागा हलत नाही, म्हणून आपल्याला हा बदल सुचत नाही.

दुसरा खड्डा ‘की’चा. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो.’ यातला ‘मी’ कोण? मराठी कानाला शंकाच येत नाही, जो म्हणाला तोच. पण ‘ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो’ असं लिहिलंत तर इंग्रजीत तो ‘आय’ म्हणजे तुम्ही स्वतः, उद्या जाणारे तुम्हीच! वर्गातल्या एकानं साहेबांना असाच मेसेज टाकला आणि दुसऱ्या दिवशी व्हेंडरची वाट बघण्याऐवजी साहेब त्याचीच वाट बघत बसले. ‘ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे’ लिहायला हवं होतं.

सहावी पायरी: आता फ्रेजकडे

नाउन फ्रेजवर फार वेळ घालवत नाही. ‘द ओल्ड पॅलेस’, ‘टू प्लेट्स ऑफ मिसळ’, नामाभोवती जमलेला गोतावळा, झालं. प्रिपोझिशनल फ्रेजचंही तसंच, फक्त आपण शब्दाच्या मागे लावतो ते इंग्रजी पुढे लावते: रंकाळ्यावर, पण ‘ॲट रंकाळा’.

खरी मेहनत इथे आहे, की एकच अर्थ फ्रेजनंही सांगता येतो आणि क्लॉजनंही, आणि दोघांचे पुढचे शब्द वेगळे असतात. मराठीत हा फरक आपण रोज न चुकता करतो. ‘पुरामुळे’ आणि ‘पूर आला म्हणून’. पहिल्यात क्रियापद नाही, दुसऱ्यात आहे. ‘मुळे’ आलं की ‘बिकॉज ऑफ’, क्रियापद आलं की नुसतं ‘बिकॉज’. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती, त्यावरच दोन वाक्यं करू:

‘द हायवे वॉज क्लोज्ड बिकॉज ऑफ द फ्लड.’
‘द हायवे वॉज क्लोज्ड बिकॉज द रिव्हर हॅड फ्लडेड इट.’

‘पावसात’ म्हणजे ‘ड्यूरिंग द रेन’, आणि ‘पाऊस पडत असताना’ म्हणजे ‘व्हाइल इट वॉज रेनिंग’. ‘पाऊस असूनही’ला ‘डिस्पाइट द रेन’, आणि ‘पाऊस पडत होता तरी’ला ‘ऑलदो इट वॉज रेनिंग’. ‘डिस्पाइट’नंतर ‘ऑफ’ लावू नका. तो ‘ऑफ’ ‘इन स्पाइट ऑफ’चा आहे, उसना आलेला. आफ्टर, बिफोर, टिल हे मात्र दोन्हीकडे चालतात: ‘आफ्टर द रेन’ ही फ्रेज, ‘आफ्टर इट रेन्ड’ हा क्लॉज. म्हणून शब्द बघून ठरवू नका, त्याच्या पुढे जोडी आहे का ते बघा.

मग ‘लेला’ आणि ‘णारा’. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान, नदीकाठी राहणारी माणसं. ही मराठी रूपं इंग्रजीत जवळजवळ जशीच्या तशी उतरतात: ‘द अरीना बिल्ट बाय शाहू महाराज’, ‘पीपल लिव्हिंग नियर द रिव्हर’. ‘लेला’ला ‘बिल्ट’सारखं रूप, ‘णारा’ला ‘आयएनजी’. ‘दॅट वॉज’, ‘हू आर’ ही कटकट गेली, क्लॉजची फ्रेज झाली, वाक्य हलकं झालं. एवढी एक युक्ती जमली तरी ईमेल वाचायला सुसह्य होतात.

पण ‘ताना’ आणि ‘ऊन’ला जपा. ‘रंकाळ्यावर फिरताना माझी चप्पल तुटली.’ मराठीत निर्दोष. आता इंग्रजीत: ‘वॉकिंग ॲट रंकाळा, माय चप्पल ब्रोक.’ इंग्रजीत अशा फ्रेजला स्वतःचा कर्ता नसतो, तो स्वल्पविरामानंतर येणाऱ्या कर्त्यावर जाऊन बसतो. तिथे आहे चप्पल. म्हणजे चप्पल एकटीच हवा खायला रंकाळ्यावर गेली आणि वाटेत मोडली! ‘व्हाइल आय वॉज वॉकिंग ॲट रंकाळा, माय चप्पल ब्रोक’ असा क्लॉज करा, कर्ता आत आला, भानगड मिटली. ‘आफ्टर रीडिंग युवर ईमेल, द पेमेंट वॉज मेड’ यातही तेच. ईमेल पेमेंटनं वाचला काय?

स्वल्पविरामाचं राहिलं. गौण क्लॉज आधी आला तर त्यानंतर स्वल्पविराम द्या. मागून आला तर बहुधा नको. ‘व्हेन द डॅम फिल्स, द गेट्स ओपन.’ ‘द गेट्स ओपन व्हेन द डॅम फिल्स.’ नवशिक्याला सध्या एवढं पुरे.

सगळं एकत्र लावून बघू

‘ऑलदो द वॉटर ॲट राजाराम बंधारा हॅड क्रॉस्ड द डेंजर मार्क, पीपल लिव्हिंग नियर द रिव्हर सेड दॅट दे वुड वेट टिल मॉर्निंग बिकॉज द रेन हॅड स्टॉप्ड.’

घाबरू नका, पेनं घ्या. लाल रेघा: हॅड क्रॉस्ड, सेड, वुड वेट, हॅड स्टॉप्ड. चार. ‘लिव्हिंग’ला रेघ मारली असेल तर काल-उद्याची कसोटी परत लावा. निळ्या रेघा: द वॉटर, पीपल, दे, द रेन. चार जोड्या, चार क्लॉज, मग जोडशब्द तीन हवेत. ऑलदो, दॅट, बिकॉज. जुळलं. ‘टिल मॉर्निंग’ला जोडशब्द समजलात? पुढे जोडी नाही, ती फ्रेज.

एकटं कोण उभं राहतं? ‘पीपल सेड’. मग काय म्हणाले, ते ‘दॅट’च्या क्लॉजमध्ये, का थांबणार, ते ‘बिकॉज’मध्ये, कशाला न जुमानता, ते ‘ऑलदो’मध्ये. एवढं मोठं वाक्य दोन शब्दांवर तोललेलं आहे.

रोज असं एकच वाक्य सोडवा, पण इंग्रजी वर्तमानपत्रातलं घ्या, गाइडमधलं नको. गाइडमधली वाक्यं एकाच साच्यातून काढल्यासारखी असतात. पहिले आठ-दहा दिवस वीस मिनिटं लागतील. नंतर रेघा न मारताच जोड्या दिसायला लागतात. बोलताना मात्र हे मोजायला जाऊ नका, जीभ अडखळेल. हा उद्योग लिहिण्यावाचण्याचा आहे.

आता तो मशिनचा ईमेल. ‘ॲज द मशीन इज अंडर रिपेअर, सो वुई कॅनॉट डिस्पॅच द ऑर्डर.’ क्लॉज दोन, जोडशब्द दोन, म्हणजे एक जास्त. स्टोअरवाल्या भावानं ‘सो’ खोडला. मग थोडा वेळ कागदाकडे बघत बसला आणि खाली स्वतःहून फ्रेजवालं दुसरं वाक्य लिहिलं: ‘बिकॉज ऑफ द मशीन रिपेअर, वुई कॅनॉट डिस्पॅच द ऑर्डर टुडे.’ “मॅडम,” म्हणाला, “यातलं कुठलं धाडू?” दोन्ही बरोबर आहेत म्हटल्यावर त्यानं दुसरं धाडलं. का, तर पहिल्यात ‘इज’ आहे, आणि मशिन अजून बंद ‘आहे’ हे साहेबांना इतक्या स्पष्ट सांगायला नको.